इंग्रजी क्रियापदानंतर कोणते प्रिपोझिशन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तम इंग्रजी वापरणारी माणसेही एका जागी हमखास थबकतात. क्रियापद आठवते, पण त्यापुढे 'ऑन' लावायचे, 'ॲट' लावायचे की काहीच नाही, हे चटकन सुचत नाही. याबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोणत्या क्रियापदानंतर कोणते प्रिपोझिशन येते याचा काही नियम आहे का?

सगळ्या क्रियापदांना लागू पडेल असा एकही नियम नाही. हे आधीच सांगितलेले बरे, कारण असा नियम शोधण्यात लोकांचा फार वेळ जातो.

'ऑन द टेबल' म्हणताना 'ऑन' स्वतःच्या अर्थाने येतो: वस्तू टेबलाच्या वर आहे. 'डिपेंड ऑन'मधला 'ऑन' मात्र कशाच्याही वर नाही. तो 'डिपेंड'ने मागून घेतलेला आहे. म्हणजे इथे निवड प्रिपोझिशनच्या अर्थावरून होत नाही, क्रियापदाच्या मागणीवरून होते. म्हणून 'डिपेंड म्हणजे अवलंबून असणे' असे पाठ करणे अर्धवट आहे. 'डिपेंड ऑन समथिंग' एवढा अख्खा तुकडा एकच शब्द समजून शिकावा. नियम नसला तरी अंदाजाला मदत करणारे काही गट आहेत, ते प्रश्न ६ मध्ये दिले आहेत.

२. मराठीतला प्रत्यय पाहून इंग्रजी प्रिपोझिशन लावले तर का चुकते?

एकटा 'वर' घेऊन पाहू. 'सगळं तुझ्यावर अवलंबून आहे' याचे 'डिपेंड ऑन' होते आणि वाटते, चला, 'वर' म्हणजे 'ऑन'. पण पुढे काय होते पाहा. 'ते त्याच्यावर हसले' याचे 'दे लाफ्ड ॲट हिम'. 'माझा तुझ्यावर विश्वास आहे' याचे 'आय बिलीव्ह इन यू'. 'ती माझ्यावर रागावली' याचे 'शी गॉट अँग्री विथ मी'. आणि 'त्याचं तिच्यावर प्रेम आहे', 'सैन्याने शहरावर हल्ला केला', 'त्यांनी शिस्तीवर भर दिला' या तिन्ही वाक्यांत इंग्रजीला प्रिपोझिशन लागतच नाही: 'ही लव्ह्ज हर', 'द आर्मी अटॅक्ड द सिटी', 'दे एम्फसाइझ्ड डिसिप्लिन'. एका 'वर'ला चार वेगळी प्रिपोझिशन्स, आणि काही ठिकाणी तर शून्य.

हे असे का होते, ते समजून घेतले तर निम्म्या चुका आपोआप कमी होतात. मराठीत पुष्कळ क्रिया आपण नाम आणि 'करणे-देणे-ठेवणे' अशा जोडीने सांगतो: हल्ला करणे, भर देणे, विश्वास ठेवणे, लग्न करणे, वाट पाहणे. इथे 'वर' किंवा 'शी' मागतो तो त्या जोडीतला नामाचा भाग. 'भर' म्हटला की 'कशावर?' हा प्रश्न आलाच. इंग्रजीत तीच क्रिया 'एम्फसाइझ' या एका शब्दात होते आणि ती सरळ कर्म घेते. आपण क्रियापद इंग्रजी वापरतो, पण मराठी नामाचा 'वर' सोबत घेऊन जातो. तिथून 'एम्फसाइझ ऑन', 'मॅरी विथ', 'अटॅक ऑन हिम' अशी वाक्ये तयार होतात.

३. 'डिस्कस अबाउट' चूक का? अशी आणखी कोणती क्रियापदे आहेत?

'डिस्कस' हे सकर्मक क्रियापद आहे. ते कर्म सरळ घेते: 'वी डिस्कस्ड द प्लॅन'. 'अबाउट'चा अर्थ त्याच्या पोटातच आहे, कारण 'डिस्कस' म्हणजेच 'टॉक अबाउट'.

इंग्रजीत अशा जोड्या भरपूर आहेत. 'गो इंटू' म्हणजे 'एंटर'. 'लुक लाइक' म्हणजे 'रिझेम्बल'. 'गो विथ' म्हणजे 'अकम्पनी'. 'आस्क फॉर' म्हणजे 'रिक्वेस्ट'. 'वेट फॉर' म्हणजे 'अवेट'. डावीकडे साधे क्रियापद आणि प्रिपोझिशन, उजवीकडे एकच भारदस्त शब्द आणि पुढे काही नाही. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या शतकांत फ्रेंच शब्द इंग्रजीत मोठ्या संख्येने आले. 'एंटर', 'रिझेम्बल', 'अकम्पनी', 'अप्रोच', 'मॅरी' हे त्यांतलेच. त्यामुळे एक अंदाज बांधता येतो: क्रियापद औपचारिक, पुस्तकी वळणाचे असेल आणि त्याचा अर्थ सांगायला प्रिपोझिशन असलेला सोपा वाक्प्रयोग लागत असेल, तर त्या क्रियापदाला स्वतःला प्रिपोझिशन नको असण्याची शक्यता बरीच. शक्यता म्हणतोय, खात्री नाही; 'पार्टिसिपेट' पुस्तकीच आहे, पण त्याला 'इन' हवाच.

मराठी माणसाकडून ज्यांच्यापुढे उगाच प्रिपोझिशन लागते ती क्रियापदे मुख्यतः ही: डिस्कस, एंटर, मॅरी, रीच, अप्रोच, कॉन्टॅक्ट, रिझेम्बल, अकम्पनी, अटेंड, आन्सर, ओबे, अपोज, लॅक, एम्फसाइझ, मेन्शन, डिस्क्राइब, डिमांड, ऑर्डर, अफेक्ट. परीक्षेच्या बाबतीत 'पास'सुद्धा: 'शी पास्ड द एक्झाम', मध्ये 'इन' नाही. 'टेल' आणि 'आस्क' यांच्यापुढेही माणूस सरळ येतो: 'टेल मी', 'आस्क हिम'. 'टेल टू मी' आणि 'आस्क टू हिम' नाही.

लग्नाबद्दल एक खुलासा. 'ही मॅरीड हर' बरोबर. 'ही गॉट मॅरीड टू हर' हेही बरोबर, कारण तिथे 'मॅरीड' विशेषणासारखे वागते. 'विथ' मात्र दोन्हीकडे नको.

४. मग 'डिस्कशन अबाउट' आणि 'एम्फसिस ऑन' बरोबर कसे?

कारण ती नामे आहेत. इंग्रजीत नामाला कर्म सरळ जोडता येत नाही, मध्ये दुवा लागतो. म्हणून 'वी डिस्कस्ड द प्लॅन', पण 'वी हॅड अ डिस्कशन अबाउट द प्लॅन'. 'इट अफेक्ट्स हेल्थ', पण 'इट हॅज ॲन इफेक्ट ऑन हेल्थ'. 'ही लॅक्स एक्स्पीरिअन्स', पण 'लॅक ऑफ एक्स्पीरिअन्स'. तसेच 'डिमांड फॉर', 'रिक्वेस्ट फॉर', 'आन्सर टू', 'अटॅक ऑन'. यातले 'डिमांड', 'रिक्वेस्ट', 'आन्सर' हे शब्द नाम आणि क्रियापद दोन्ही रूपांत सारखेच दिसतात, म्हणून तिथे घोटाळा जास्त होतो. शब्दाच्या आधी 'अ', 'द', 'माय' असे काही आले असेल तर ते नाम आहे, प्रिपोझिशन लावा.

नाम किंवा विशेषण झाल्यावर तर प्रिपोझिशन बदलूही शकते. 'डिपेंड ऑन' आणि 'डिपेंडंट ऑन' ठीक, पण 'इंडिपेंडंट' म्हटले की 'ऑफ'. 'सिंपथाइझ विथ', पण 'सिंपथी फॉर'. 'प्राउड ऑफ', पण 'टेक प्राइड इन'. शब्दकुळी एक असली तरी प्रिपोझिशन वारसाने मिळत नाही.

५. उलट चूकही होते का? म्हणजे प्रिपोझिशन हवे असताना गाळण्याची?

होते, आणि ती जास्त कानाला खटकते. 'लिसन म्युझिक', 'वेट मी', 'एक्सप्लेन मी' ही नेहमीची तीन. हवे ते असे: 'लिसन टू म्युझिक', 'वेट फॉर मी', 'एक्सप्लेन इट टू मी'.

'एक्सप्लेन'चे जरा नीट पाहू. 'मला सांग', 'मला समजाव', 'मला सुचव' या तिन्हींत मराठीत 'मला' आहे. इंग्रजीत 'टेल मी' चालते, 'शो मी' चालते, 'गिव्ह मी' चालते. म्हणून 'एक्सप्लेन मी'ही चालेल असे वाटते. पण 'एक्सप्लेन', 'से', 'सजेस्ट', 'डिस्क्राइब', 'मेन्शन' ही क्रियापदे माणसाला सरळ घेत नाहीत. ती गोष्ट सरळ घेतात आणि माणसाला 'टू'ने जोडतात: 'शी एक्सप्लेन्ड द प्रॉब्लेम टू मी', 'ही सेड नथिंग टू अस'. गोष्ट लांबलचक असेल तर 'टू मी' आधी आणता येते: 'शी एक्सप्लेन्ड टू मी हाउ द मशीन वर्क्स'.

६. पाठांतराशिवाय अंदाज बांधता येईल असे काही गट आहेत का?

आहेत, आणि ते शिकण्यासारखे आहेत. अर्थ जवळचा असलेली क्रियापदे बरेचदा एकच प्रिपोझिशन घेतात.

अडवणे, वाचवणे, दूर ठेवणे या अर्थाला 'फ्रॉम': प्रिव्हेंट, प्रोटेक्ट, प्रोहिबिट, सेव्ह, एक्सक्लूड, एस्केप. एखादी गोष्ट हवी असणे, तिचा शोध घेणे याला 'फॉर': वेट, सर्च, होप, आस्क, अप्लाय, लाँग. भरवसा ठेवणे याला 'ऑन': डिपेंड, रिलाय, काउंट. एकाचे दुसरे होणे याला 'इंटू': टर्न, चेंज, कन्व्हर्ट, डिव्हाइड, ट्रान्सलेट. म्हणून 'ट्रान्सलेट इन मराठी' नव्हे, 'ट्रान्सलेट इंटू मराठी'. पुरवणे याला 'विथ', हिरावून घेणे याला 'ऑफ' (दोन्ही प्रश्न ११ मध्ये).

लॅटिनमधून आलेल्या शब्दांचा पहिला भागही खूण देतो. 'को', 'कॉन', 'कॉम' म्हणजे मूळ अर्थाने 'सोबत'. त्यामुळे कोऑपरेट, कोलॅबरेट, कोइन्साइड, कम्प्लाय यांना 'विथ'. 'ॲड' म्हणजे 'कडे'. म्हणून ॲडहिअर, ॲडजस्ट, ॲडॅप्ट यांना 'टू'. 'सब' म्हणजे 'खाली'. सबमिट, सबस्क्राइब, सक्कम यांना 'टू'. पण या खुणेवर डोळे मिटून चालू नका. 'कन्सिस्ट'ला 'ऑफ' लागतो, 'कन्फॉर्म' आणि 'कॉन्ट्रिब्यूट' यांना 'टू'. आणि 'डिपेंड'चा मूळ लॅटिन अर्थ 'खाली लोंबणे' असा असूनही तो 'फ्रॉम' घेत नाही, 'ऑन' घेतो.

७. एकाच क्रियापदापुढे वेगवेगळी प्रिपोझिशन्स येतात तेव्हा काय बदलते?

अर्थ बदलतो, कधी थोडा, कधी पार उलटा.

'लुक ॲट' म्हणजे पाहणे, 'लुक फॉर' म्हणजे शोधणे, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, 'लुक इंटू' म्हणजे एखाद्या प्रकरणाची चौकशी करणे. 'अग्री विथ' माणसाशी किंवा त्याच्या मताशी. 'अग्री टू' समोरून आलेल्या प्रस्तावाला किंवा अटीला. 'अग्री ऑन' दोन्ही बाजूंनी मिळून ठरवलेल्या गोष्टीवर. म्हणून 'आय अग्री विथ यू' आणि 'दे अग्रीड ऑन अ डेट'. 'हिअर फ्रॉम' म्हणजे त्या माणसाकडून स्वतःहून पत्र, फोन किंवा निरोप येणे. 'हिअर अबाउट' म्हणजे त्याच्याविषयी काही कानावर येणे. 'हिअर ऑफ' म्हणजे तो अस्तित्वात आहे एवढे तरी माहीत असणे. नोकरीच्या अर्जात 'आय होप टू हिअर अबाउट यू' लिहिले तर अर्थाचा विचका होतो. तिथे 'फ्रॉम'च हवे.

सगळ्यात जपून वापरायची जोडी 'रिझल्ट इन' आणि 'रिझल्ट फ्रॉम'. 'इन'पुढे परिणाम येतो, 'फ्रॉम'पुढे कारण. 'द डिले रिझल्टेड इन अ लॉस' म्हणजे उशिरामुळे तोटा झाला. तिथे चुकून 'फ्रॉम' पडले तर तोट्यामुळे उशीर झाला असे होईल. अहवालात ही चूक कुणाच्या सहजी लक्षात येत नाही, कारण व्याकरण दोन्हीकडे बरोबरच असते.

८. प्रिपोझिशन लावले काय, न लावले काय, दोन्ही चालते अशी क्रियापदे आहेत का?

दोन्ही रूपे बरोबर असतात, पण त्यांचा अर्थ क्वचितच एक असतो. 'द पोलीस सर्च्ड हिम' म्हणजे पोलिसांनी त्याची झडती घेतली. तो समोर उभा आहे. 'द पोलीस सर्च्ड फॉर हिम' म्हणजे पोलीस त्याला शोधत होते. तो सापडलेला नाही. 'आय बिलीव्ह हिम' म्हणजे तो सांगतो ते मला खरे वाटते. 'आय बिलीव्ह इन हिम' म्हणजे त्याच्या कुवतीवर माझा विश्वास आहे. 'ही शॉट द बर्ड'मध्ये पक्ष्याला गोळी लागली. 'ही शॉट ॲट द बर्ड'मध्ये नेम धरला, लागली की नाही ते सांगितलेले नाही.

'प्रिपेअर'चा फरक विद्यार्थ्यांनी नक्की लक्षात ठेवावा. परीक्षेचा अभ्यास विद्यार्थी करतो, तो 'प्रिपेअर्स फॉर द एक्झाम'. 'प्रिपेअर्स द एक्झाम' म्हणजे प्रश्नपत्रिका तयार करणे, ते शिक्षकाचे काम.

प्रश्न ३ मधली काही क्रियापदेही अर्थ बदलला की प्रिपोझिशन घेतात. खोलीत शिरताना नुसते 'एंटर', पण करार किंवा वाटाघाटी सुरू करताना 'एंटर इंटू'. सभेला हजर राहणे 'अटेंड', पण कामाकडे किंवा रुग्णाकडे लक्ष पुरवणे 'अटेंड टू'. प्रश्नाला उत्तर देणे 'आन्सर', पण एखाद्याला जबाबदार असणे 'आन्सर टू'. अधिकाराने मंजुरी देणे 'अप्रूव्ह', आणि मनाला पटणे 'अप्रूव्ह ऑफ'. बिल किंवा फी भरताना नुसते 'पे', पण विकत घेतलेल्या वस्तूचे पैसे देताना 'पे फॉर'.

९. 'अराइव्ह टू' चालते का?

नाही. शहर किंवा देश असेल तर 'अराइव्ह इन', ठरावीक ठिकाण असेल (स्टेशन, विमानतळ, कार्यालय) तर 'अराइव्ह ॲट'. 'रीच'ला काहीच नको. आणि 'होम'पुढे 'गो', 'कम', 'अराइव्ह', 'रीच' यांपैकी कोणतेही क्रियापद असो, नुसते 'होम'.

१०. 'शाउट ॲट' आणि 'शाउट टू' यांत काय फरक?

'ॲट'मध्ये नेम असतो, 'टू'मध्ये पोहोचवणे. 'शी शाउटेड ॲट मी' म्हणजे ती माझ्यावर ओरडली. 'शी शाउटेड टू मी' म्हणजे लांबून ऐकू यावे म्हणून मोठ्याने हाक मारली. 'ही थ्रू द बॉल टू मी' म्हणजे मी झेलावा म्हणून टाकला. 'ॲट मी' म्हणजे मला लागावा म्हणून मारला.

११. 'प्रोव्हाइड', 'रॉब', 'ब्लेम' अशा क्रियापदांत माणूस आधी की वस्तू?

या क्रियापदांसोबत दोन गोष्टी येतात, आणि क्रियापदापुढे लगेच कोण बसतो त्यावर प्रिपोझिशन ठरते. माणूस आधी आला तर 'प्रोव्हाइड देम विथ बुक्स'; वस्तू आधी आली तर 'प्रोव्हाइड बुक्स टू देम' किंवा 'फॉर देम'. 'सप्लाय'चेही असेच. दोष देताना 'ब्लेम हिम फॉर द एरर', पण 'ब्लेम द एरर ऑन हिम'.

चोरीत क्रियापदच बदलते. 'रॉब'पुढे लुटला गेलेला माणूस येतो आणि गेलेली वस्तू 'ऑफ'ने जोडली जाते: 'दे रॉब्ड हिम ऑफ हिज वॉच'. 'स्टील'पुढे चोरलेली वस्तू येते आणि माणूस 'फ्रॉम'ने: 'दे स्टोल अ वॉच फ्रॉम हिम'. 'दे स्टोल हिम' म्हटले तर त्यालाच चोरून नेला असे होईल. 'रॉब'च्याच घरातले 'डिप्राइव्ह', 'रिलीव्ह', 'क्युअर' हेही 'ऑफ' घेतात.

आरोपांत 'अक्यूझ ऑफ', पण कायद्याच्या भाषेत 'चार्ज विथ'. अभिनंदनाला 'कॉन्ग्रॅच्युलेट हर ऑन हर सक्सेस'. 'फॉर' ऐकू येते, पण रूढ 'ऑन' आहे. 'अपॉलजाइझ'ला दोन प्रिपोझिशन्स एकदम लागतात: माणसापुढे 'टू', कारणापुढे 'फॉर'. 'ही अपॉलजाइझ्ड टू हर फॉर द डिले'. 'अपॉलजाइझ हर' नको.

१२. 'लुक फॉरवर्ड टू मीट यू' की 'मीटिंग यू'?

'मीटिंग यू'. प्रिपोझिशननंतर क्रियापद आले तर ते आयएनजी रूपातच येते: 'सक्सीडेड इन गेटिंग', 'इन्सिस्टेड ऑन पेइंग', 'थिंकिंग ऑफ लीव्हिंग'. अडचण फक्त 'टू'ची आहे, कारण 'वॉन्ट टू मीट'मधला 'टू' प्रिपोझिशन नाही, तो मूळ क्रियापदाची खूण आहे.

दोन्ही ओळखण्याची सोपी कसोटी: 'टू'पुढे 'इट' ठेवून पाहा. 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू इट' हे वाक्य पूर्ण वाटते, म्हणजे 'टू' प्रिपोझिशन आहे, पुढे आयएनजी लावा. 'आय वॉन्ट टू इट' बसत नाही, म्हणजे पुढे मूळ रूप. या कसोटीने 'ऑब्जेक्ट टू', 'रिझॉर्ट टू', 'कन्फेस टू', 'गेट यूज्ड टू' ही सगळी आयएनजीच्या बाजूला पडतात. 'आय यूज्ड टू लिव्ह अलोन' म्हणजे पूर्वी मी एकटा राहायचो. 'आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग अलोन' म्हणजे एकटे राहण्याची मला सवय आहे.

१३. 'इन्सिस्ट ऑन दॅट ही शुड कम' असे लिहिता येईल का?

नाही. क्रियापदाने कितीही आग्रहाने मागितलेले प्रिपोझिशन असो, पुढे 'दॅट'चे पोटवाक्य आले की ते गळून पडते. 'शी कम्प्लेन्ड अबाउट द नॉइज', पण 'शी कम्प्लेन्ड दॅट द रूम वॉज नॉइझी'. 'ही इन्सिस्टेड ऑन अ रिप्लाय', पण 'ही इन्सिस्टेड दॅट दे रिप्लाय'.

'वेदर', 'हाउ', 'व्हॉट' यांनी सुरू होणाऱ्या पोटवाक्यापुढे मात्र ते टिकते: 'इट डिपेंड्स ऑन वेदर ही अग्रीज'. बोलताना 'इट डिपेंड्स व्हॉट यू मीन' असे गाळलेले ऐकू येते, लिहिताना ठेवावे.

१४. 'लुक इट अप' बरोबर, मग 'लुक इट ॲट' का चूक?

कारण इथला 'अप' प्रिपोझिशन नाही. 'लुक अप', 'गिव्ह अप', 'टर्न डाउन' यांतला दुसरा शब्द क्रियापदाचाच तुकडा आहे आणि कर्म मध्ये येऊ शकते. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच यायला हवे: 'लुक इट अप', 'टर्न इट डाउन'. 'लुक ॲट'मधला 'ॲट' खरे प्रिपोझिशन आहे, त्यामुळे 'इट' त्याच्या पुढेच येणार. मोठ्याने म्हणून पाहिलेत तर कानही सांगेल: 'लुक इट अप'मध्ये जोर 'अप'वर पडतो, 'लुक ॲट इट'मध्ये 'लुक'वर.

काही क्रियापदे तुकडा आणि प्रिपोझिशन दोन्ही घेतात: 'पुट अप विथ', 'कीप अप विथ', 'रन आउट ऑफ'. त्यांच्या संगतीने 'कोप अप विथ' असे रूप फार पसरले आहे. ते चूक आहे. नुसते 'कोप विथ'.

१५. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन ठेवू नये असे शिकवले होते. मग 'व्हॉट आर यू लुकिंग फॉर?' चूक का?

अजिबात चूक नाही. ती बंदी इंग्रजीच्या स्वभावातली नाही. कवी जॉन ड्रायडन यांनी १६७२ मध्ये बेन जॉन्सन यांच्या लेखनातला असा शेवट दोषास्पद ठरवला, आणि पुढे तो आक्षेप शाळांमधून नियमासारखा शिकवला गेला. १७६२ मध्ये व्याकरण लिहिणाऱ्या रॉबर्ट लौथ यांनीसुद्धा अशी रचना बोलण्यात सर्रास चालते असेच नोंदवले. गंभीर लेखनात प्रिपोझिशन आधी आणणे अधिक डौलदार, इतकेच त्यांचे म्हणणे होते.

खरी चूक होते ती शेवटचे प्रिपोझिशन विसरण्याची. 'व्हॉट आर यू लुकिंग?' हे अर्धे वाक्य आहे. 'द हाउस आय लिव्ह' नाही, 'द हाउस आय लिव्ह इन'. कर्मणी प्रयोगातही ते सोबत राहते: 'ही वॉज लाफ्ड ॲट', 'द चाइल्ड वॉज वेल लुक्ड आफ्टर'. शेवटच्या त्या एका शब्दावर किती अवलंबून असते ते पाहा. 'गिव्ह मी समथिंग टू राइट विथ' म्हटले तर पेन मागितले. 'राइट ऑन' म्हटले तर कागद. 'राइट अबाउट' म्हटले तर विषय.

१६. 'डाय ऑफ' की 'डाय फ्रॉम'? 'कम्पेअर टू' की 'कम्पेअर विथ'?

आजार, भूक यांना 'ऑफ' आणि जखमांना 'फ्रॉम' ही जुनी विभागणी. आज दोन्हींची सरमिसळ होते, पण विभागणी पाळलीत तर कुणी चूक काढणार नाही. साम्य दाखवायला 'कम्पेअर टू', शेजारी ठेवून साम्य-भेद तपासायला 'कम्पेअर विथ'. इथेही 'कम्पेअर्ड टू' आणि 'कम्पेअर्ड विथ' आता बरोबरीने चालतात.

'कम्प्राइझ' आणि 'कन्सिस्ट'मध्ये मात्र ढिलाई नको. 'द बुक कन्सिस्ट्स ऑफ टेन चॅप्टर्स', 'द बुक कम्प्राइझेस टेन चॅप्टर्स'. 'इज कम्प्राइझ्ड ऑफ' खूप दिसते, तरी काटेकोर संपादक ते कापतात.

१७. ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीत फरक आहे का?

थोडक्या क्रियापदांत आहे. निकालाविरुद्ध दाद मागताना ब्रिटिश लोक 'अपील अगेन्स्ट द डिसिजन' म्हणतात, अमेरिकन 'अपील द डिसिजन'. 'प्रोटेस्ट'चेही तसेच. 'मला लिही' याला ब्रिटिश 'राइट टू मी', अमेरिकन 'राइट मी'. फॉर्म भरताना ब्रिटिश 'फिल इन', अमेरिकन 'फिल आउट'. कुठलेही वापरा, पण एका मजकुरात एकच पद्धत ठेवा.

१८. आजूबाजूला सगळेच 'डिस्कस अबाउट' म्हणतात. मग ते चूक कसे?

प्रश्न रास्त आहे. भारतातच नव्हे, नायजेरिया, सिंगापूर अशा इतर देशांतल्या इंग्रजीतही हा प्रयोग आढळतो. त्याने अर्थ बिघडत नाही, आणि बोलताना कुणी तसे म्हटले म्हणून त्याला अडवणे मला योग्य वाटत नाही. पण शोधनिबंध, अर्ज, परीक्षा आणि कार्यालयीन पत्रव्यवहार यांत तो आजही चूक धरला जातो, आणि वाचणारा त्यावरून तुमच्या इंग्रजीची परीक्षा करतो. म्हणून लिहिताना टाळावा.

१९. शब्दकोशात हे नेमके कुठे पाहायचे?

शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. इंग्रजी-मराठी कोशात ही माहिती बहुधा नसते. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांचा असा कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा काढला. क्रियापद वाक्यात कसे वागते हे परक्या भाषकाला दाखवणे हा त्याचा मुख्य हेतू होता, आणि आजचे कोश त्याच वाटेने जातात. क्रियापदाच्या नोंदीत उदाहरणाआधी ठळक अक्षरांत 'डिपेंड ऑन समबडी' असा साचा असतो. आधी तो साचा वाचा, मग अर्थ.

नोंदवही ठेवणार असाल तर ती क्रियापदांच्या क्रमाने ठेवा. 'ऑन घेणारी क्रियापदे' अशा लांब याद्यांचा मला फारसा उपयोग दिसत नाही. बोलताना हातात क्रियापद असते आणि प्रिपोझिशन हवे असते. यादी उलट्या टोकाने सुरू होते. प्रत्येक क्रियापदापुढे स्वतःबद्दलचे एक खरे वाक्य लिहा.

२०. लिहिताना ऐन वेळी प्रिपोझिशन आठवलेच नाही तर?

क्रियापद बदला. 'पार्टिसिपेट' अडले तर 'जॉइन'. 'कम्प्लाय' अडले तर 'फॉलो द रूल्स'. 'रिफ्रेन' अडले तर 'अव्हॉइड'. 'अकाउंट'पुढे काय ते सुचेना, तर 'एक्सप्लेन'. ही सगळी सरळ कर्म घेतात. दुसरी वाट प्रश्न १३ मधली: 'दॅट'चे पोटवाक्य करा, प्रिपोझिशनची गरजच संपते.

बोलताना एवढे थांबायला वेळ नसतो. तेव्हा सुचेल ते लावून पुढे जा. 'लाफ ऑन' म्हणालात तरी समोरच्याला कळते. फक्त प्रश्न ७ आणि ८ मधली क्रियापदे अंदाजाने वापरू नका. तिथे चुकीचे प्रिपोझिशनही एक बरोबर वाक्य तयार करते, आणि ऐकणारा ते तुमचेच म्हणणे समजून पुढे जातो.